मान म्हणजे लहान कंबर नव्हे



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. म्हणाले, "सर, तुमचा जन्म गेला तत्त्वज्ञान शिकवण्यात. मानेच्या मणक्यांवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही डॉक्टर आहोत, पण पदवीच्या कागदावरचे. कुणाच्या मानेला हात लावण्याचा अधिकार आम्हाला नाही. आज आम्ही औषध सांगणार नाही आणि व्यायामही सांगणार नाही. आम्ही इतिहास सांगणार आहोत. मानेच्या दोन मणक्यांमध्ये एक चकती असते, तिला आपण बोलताना गादी म्हणतो. ती भार कसा पेलते, कशी वळते, याबद्दल माणसाने वेळोवेळी काय समजूत करून घेतली, ती कुठे चुकली आणि दुरुस्त व्हायला इतका वेळ का लागला, एवढाच आजचा मामला.

या विषयाशी आमचा संबंध कसा आला तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आमच्या उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला मुंग्या यायला लागल्या. एमआरआय झाला. अहवालात सहापैकी पाच चकत्यांबद्दल काही ना काही वाईट लिहिलेलं होतं: झीज, फुगवटा, उंची कमी. घरात लगेच दोन शब्द फिरू लागले, "गादी सरकली" आणि "मणक्यात गॅप आला". पुढचे चार महिने आम्ही मान वळवलीच नाही म्हणा ना. मागून कुणी हाक मारली तर अख्खे वळायचो, एखाद्या कपाटासारखे. टेबलाशी बसून वाचणं बंद, लिहिणं बंद. मुंग्या यथावकाश गेल्या, भीती मात्र गेली नाही. मग शिक्षकाची सवय उपयोगी पडली. म्हटलं, ज्या शब्दांना आपण इतके घाबरलो, ते शब्द आले कुठून ते तरी पाहू.

त्यात 'गॅप' हा शब्द पहिल्याच पायरीला गडबडला. एक्स-रेमध्ये हाड पांढरं दिसतं आणि चकती दिसतच नाही, म्हणून दोन मणक्यांमध्ये मोकळी जागा असल्यासारखं वाटतं. ती मोकळी जागा म्हणजेच चकती. चकती झिजली की ही जागा कमी होते, वाढत नाही. म्हणजे 'गॅप आला' असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर गॅप कमी झालेला असतो! गावोगाव हा शब्द उलटा वापरला जातो आणि ऐकणाऱ्याच्या मनात हाडं एकमेकांपासून सुटत चालल्याचं चित्र उभं राहतं. शब्दाने उभं केलेलं चित्र माणसाला किती घाबरवू शकतं, त्याचा हा घरचा नमुना.

आता थोडी ओळख करून घेऊ. मानेत मणके सात. जिराफाच्याही मानेत सातच, फक्त लांबलचक. पहिल्या मणक्यावर कवटी टेकलेली असते. कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये चकती नाही, पहिला आणि दुसरा यांच्यामध्येही नाही. पहिली चकती लागते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या मध्ये, आणि शेवटची सातव्या मणक्याच्या आणि छातीच्या पहिल्या मणक्याच्या मध्ये. झाल्या सहा. डावी-उजवीकडे मान वळवताना जवळजवळ निम्मं वळण पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सांध्यात होतं, म्हणजे जिथे चकतीच नाही तिथे. उरलेलं वळण खालचे मणके वाटून घेतात.

चकतीची रचना पाठ्यपुस्तकात साधारण अशी सांगतात: बाहेरून तंतूंचे थरावर थर असलेलं एक वलय, आत पाणीदार, चिकट गाभा, आणि वर-खाली कूर्चेची पातळ तबकडी. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण मुख्यतः या तबकड्यांमधून झिरपून होतं. दिवसभर भार पडला की चकत्यांतलं थोडं पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झाल्यावर परत येतं. 1935 मध्ये डी पुकी नावाच्या संशोधकाने शेकडो माणसांची सकाळ-संध्याकाळ उंची मोजली आणि दाखवलं, की माणूस दिवसाकाठी सरासरी 1 टक्का, म्हणजे दीडेक सेंटीमीटर, आखूड होतो. सकाळचे आपण आणि रात्रीचे आपण एकाच उंचीचे नसतो बरं का!

आता इतिहासाकडे वळू. पण त्याआधी आमच्या विषयातली एक गोष्ट सांगायची मुभा द्या, कारण आजचं सगळं व्याख्यान तिच्यावर उभं आहे. न्यायदर्शनात उपमान नावाचं प्रमाण आहे. त्याचं ठरलेलं उदाहरण गवयाचं. गावातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गायीसारखा असतो. मग हा गावकरी रानात जातो, गायीसारखं जनावर पाहतो आणि ओळखतो, हाच तो गवय. उपमेचं काम इथे संपतं. उपमा ओळख पटवण्यापुरती. तेवढ्यावर विसंबून कुणी चरवी घेऊन गवयाची धार काढायला बसला तर लाथ खाईल. मानेच्या चकतीच्या इतिहासात अशी चरवी घेऊन बसलेली पुष्कळ मोठी माणसं आहेत. आम्ही त्यांची थट्टा करणार नाही, कारण त्यांच्याशिवाय पुढचं दिसलंच नसतं.

सुरुवात इजिप्तपासून करू. एडविन स्मिथ पपायरस म्हणून एक वैद्यकीय गुंडाळी आहे. हाताशी असलेली प्रत सुमारे इसवी सनपूर्व 1600 ची, मजकूर त्याहून जुना. ब्रेस्टेड या अभ्यासकाने 1930 मध्ये तिचं भाषांतर प्रसिद्ध केलं. तिच्यात 48 रुग्णप्रकार आहेत आणि त्यात मानेच्या मणक्यांच्या दुखापतींचा एक गटच आहे. मानेचा मणका निखळलेल्या माणसाला हातापायांची जाणीव राहत नाही, हे तिथे लिहून ठेवलं आहे. डोक्यावर पडल्यामुळे एक मणका दुसऱ्यात घुसल्याचं वर्णनही आहे. अशा रुग्णाबद्दल निवाडा एकच: यावर उपचार करू नये. आजच्या कानाला हे निष्ठुर वाटतं, पण जे येत नाही ते येत नाही असं लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्यात आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मन्यास्तंभ येतो, म्हणजे मान जखडणे. दिवसा झोपणं, बसण्या-उभं राहण्याची वाईट ढब, मान वाकडी करून वर पाहत राहणं, ही कारणं निदानस्थानात दिलेली आहेत. ती वाचताना हसू येतं, कारण आजचा डॉक्टर आपल्याला हेच ऐकवतो. पण सुश्रुताचं स्पष्टीकरण वाताचं आणि त्यावर आलेल्या कफाच्या आवरणाचं आहे, दोन मणक्यांमधल्या चकतीचं नाही. 'आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असं म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. निरीक्षण अचूक असू शकतं आणि स्पष्टीकरण वेगळंच असू शकतं. या दोन गोष्टी सुट्या ठेवता येणं हीच इतिहास वाचण्याची पहिली शिस्त.

1543 मध्ये व्हेसालियसचा शरीररचनेचा ग्रंथ बाझेलला छापला गेला. मणके, त्यांची जोडणी, सगळं स्वतः विच्छेदन करून पाहिलेलं. पण रचना पाहणं वेगळं आणि ती रचना भार कसा पेलते हे विचारणं वेगळं. तो दुसरा प्रश्न नीट विचारला बोरेलीने. जिओव्हानी अल्फान्सो बोरेली, मूळचा गणिती, गॅलिलिओच्या परंपरेतला. प्राण्यांच्या हालचालीवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1680-81 मध्ये, रोममध्ये प्रसिद्ध झाला.

बोरेलीने हाडांकडे तरफ म्हणून पाहिलं. मानेला हे लावून पाहू. तराजूची दांडी डोळ्यांपुढे आणा. टेकू म्हणजे मणका. एका बाजूला, टेकूच्या पुढे, डोक्याचं वजन. दुसऱ्या बाजूला, मागे, मानेच्या स्नायूंची ओढ. समजा डोकं 5 किलोचं, त्याचा भारमध्य टेकूपासून 2 सेंटीमीटर पुढे, आणि स्नायू 4 सेंटीमीटर मागे ओढतो. हे आकडे आम्ही हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. तोल राखायला स्नायूला अडीच किलोची ओढ लावावी लागेल. म्हणजे टेकूवर भार किती? डोक्याचे 5 आणि स्नायूचे अडीच, मिळून साडेसात. आता मान पुढे झुकवा, भारमध्य 8 सेंटीमीटर पुढे जाऊ द्या. स्नायूची ओढ 10 किलो, टेकूवर 15. डोकं तेवढंच, पण खालच्या चकतीवरचा भार दुप्पट! आपले स्नायू सांध्याच्या अगदी जवळ चिकटलेले असल्यामुळे त्यांना वजनापेक्षा पुष्कळ जास्त जोर लावावा लागतो, आणि तो जोर शेवटी चकतीवरच येतो. बोरेलीची ही गोष्ट आजही पक्की आहे.

त्याने जे उदाहरण सोडवलं ते कुणा राजपुत्राचं नव्हतं, हमालाचं होतं. मानेवर 120 पौंडांचं ओझं घेतलेला हमाल. हिशेब करता करता बोरेलीच्या लक्षात आलं, की एकट्या स्नायूंनी हा तोल सांभाळला जात नाही, मधल्या चकत्याही स्प्रिंगसारख्या ताणल्या-दाबल्या जाऊन वाटा उचलत असल्या पाहिजेत. चकती म्हणजे नुसतं भरताड नाही, ती काम करते, हे गणिताने सुचवणारा तो पहिल्या काहींपैकी एक. या हमालाकडे आपण शेवटी परत येऊ.

बोरेलीच्या रूपकाने, म्हणजे खांब आणि ओझं या रूपकाने, खूप काही दिलं. पण एक गोष्ट झाकलीही गेली. खांबाचं काम उभं राहणं. मानेचं काम तेवढंच नाही. पाठीच्या कण्यात सर्वांत जास्त हालचाल करणारा भाग मान आहे. खांब वळला तर आपण गवंड्याला बोलावतो. मान वळली नाही तर डॉक्टरला.

1858 मध्ये जर्मनीत ट्यूबिंगेनच्या ह्यूबर्ट फॉन लुश्का यांनी अर्धसांध्यांवर एक ग्रंथ लिहिला. मानेच्या मणक्यांच्या वरच्या कडा दोन्ही बाजूंना वर उचललेल्या असतात, कोयरीच्या ओठांसारख्या. त्या कडांपाशी, चकतीच्या दोन्ही कुशींना, लुश्कांना सांध्यासारख्या फटी दिसल्या. कमरेच्या मणक्यांना अशा कडा नसतात आणि तिथे अशा फटीही नसतात. म्हणजे मान आणि कंबर वेगळ्या घडणीच्या आहेत, याचा पुरावा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी छापून झालेला होता. 'लुश्काचे सांधे' हे नाव पाठ्यपुस्तकांत राहिलं, पण त्यातून जो प्रश्न निघायला हवा होता तो फार थोड्यांनी पुढे नेला.

आता विसाव्या शतकात येऊ, आणि इथे दुसरं रूपक भेटतं: गाठ. 1928 मध्ये न्यूयॉर्कचे मेंदू व मज्जाशल्यविशारद बायरन स्टूकी यांनी मानेतल्या सात रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मज्जारज्जूवर पुढच्या बाजूने कूर्चेसारखा गोळा दाबत होता. दाब मधोमध असला तर कोणती लक्षणं, एका बाजूला असला तर कोणती, फक्त नसेच्या मुळावर असला तर कोणती, हे त्यांनी इतकं नेमकं मांडलं की आजही ते वाचताना आदर वाटतो. फक्त त्या गोळ्याला त्यांनी नाव दिलं कॉन्ड्रोमा. म्हणजे कूर्चेची गाठ, अर्बुद. तो गोळा शेजारच्या चकतीतूनच बाहेर आलेला असू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

का आलं नसेल? पाहा, शल्यविशारदाला मणक्याच्या नळीत जे सापडतं ते एकतर तिथलं असतं किंवा तिथे उगवलेलं असतं. चकती तर हाडांच्या मध्ये असते, ती इथे कशी येईल? त्यांच्या हातात वस्तू बरोबर होती, खाना चुकीचा होता. आणि खाना चुकला की प्रश्नही चुकतात. गाठ म्हटली की माणूस विचारतो, ती कशामुळे उगवली? सरकलेली चकती म्हटली की विचारतो, कोणत्या भाराने, कोणत्या हालचालीने? एका नावामुळे यंत्रशास्त्राचा प्रश्न विकृतिशास्त्राच्या दारात जाऊन बसला.

दरम्यान ड्रेस्डेनमध्ये क्रिस्टियन गेओर्ग श्मॉर्ल हजारो पाठीचे कणे उभे चिरून पाहत होते. चकतीचा गाभा मणक्याच्या हाडात घुसलेला त्यांना वारंवार दिसला. याच कामात बोटाला झालेली जखम चिघळून 1932 मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचं काम अमेरिकेत वाचलं जात होतं. बॉस्टनमधले अस्थिशल्यविशारद जोसेफ बार आणि मज्जाशल्यविशारद विल्यम जेसन मिक्स्टर यांनी 'कॉन्ड्रोमा' म्हणून काढलेल्या जुन्या गाठी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या, निरोगी चकतीशेजारी ठेवून पाहिल्या. पुष्कळशा गाठी गाठी नव्हत्याच, चकतीचेच तुकडे होते. 1934 मध्ये त्यांचा 19 रुग्णांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात मानेचेही रुग्ण होते, पण जगाने त्यातली कंबर उचलली. सायटिका म्हणून शतकानुशतकं माणसांना छळणाऱ्या दुखण्याचं एक दृश्य कारण सापडलं होतं ना! पुढची काही दशकं चकती म्हटलं की कंबरच डोळ्यांपुढे येऊ लागली.

मानेकडे लक्ष वेधलं ते एका फसव्या दुखण्याने. 1943 मध्ये मेम्फिसच्या सेम्स आणि मर्फी यांनी चार रुग्णांची हकिगत छापली. छातीत, खांद्यात आणि हातात कळा. सगळा रंग हृदयविकाराचा. मूळ निघालं मानेतल्या सहाव्या चकतीत, तिने सातवी नस दाबली होती. इथे एक खुलासा करतो, मोजणीचा घोळ होतो म्हणून. मानेत मणके सात असले तरी नसांच्या जोड्या आठ आहेत, कारण पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून निघते. म्हणून सहाव्या मणक्याखालची चकती सातव्या नसेला गाठते. पुढच्याच वर्षी स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांनी मान दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावरून दाबण्याची तपासणी सांगितली. ती आजही होते. आणि 1952 मध्ये लंडनहून रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट केलं, की मानेत दोन वेगळ्या कहाण्या आहेत: एकदम सुटून आलेला चकतीचा तुकडा ही एक, आणि वर्षानुवर्षांची झीज, कडांना आलेली हाडाची वाढ आणि त्यातून मज्जारज्जूला होणारी अडचण ही दुसरी. स्पॉन्डिलोसिस हा शब्द तेव्हापासून घरोघरी पोचला.

आता तिसरं रूपक, आणि आमच्या मते सर्वांत चिवट. मान म्हणजे लहान कंबर.

1950 नंतर चकतीवर प्रयोगशाळेत खरोखरीचा दाब देऊन मोजमाप सुरू झालं. स्वीडनमध्ये कार्ल हिर्श आणि मग आल्फ नाकेमसन यांनी यात मोठं काम केलं. 1960 च्या दशकात नाकेमसन यांनी जिवंत माणसाच्या कमरेच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दाब जास्त, हा त्यांचा निष्कर्ष जगभरच्या कचेऱ्यांतल्या भिंतींवर चिकटला. 1999 मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेत मापक ठेवून दिवसभर मोजलं, तेव्हा सैलावून बसल्यावर दाब उभं राहण्याहून जास्त निघाला नाही. झोपेत मात्र तो रात्रभर हळूहळू वाढत दुपटीच्या वर गेला, कारण चकती पाणी पीत होती. विज्ञानात असं चालायचंच. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. हे सगळं कमरेचं आहे. कमरेची चकती मोठी, सुई घालायला सोपी, आणि कंबरदुखीने कारखान्यांतले कामाचे दिवस बुडत होते म्हणून त्या संशोधनाला पाठबळही होतं. मानेच्या चकतीच्या पुढे श्वासनलिका, अन्ननलिका, बाजूला मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या. तिथे कोण सुई घालणार?

त्यामुळे झालं असं, की कमरेवर मोजलेलं ज्ञान मानेला लावलं गेलं, फक्त माप लहान करून. मधे दाबाखालचा द्रवासारखा गाभा, भोवती घट्ट वलय. भार आला की गाभा चहूकडे दाबतो, वलय ताणून त्याला धरून ठेवतं, सायकलच्या ट्यूब-टायरसारखं. कमरेच्या तरुण चकतीला हे वर्णन बरंच लागू पडतं. मानेला?

झुरिकच्या गियान टोंडुरी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवलं होतं, की मानेच्या चकतीत बाजूच्या फटी लहान वयातच, शाळकरी वयात, पडू लागतात आणि पुढे त्या मागच्या भागातून आतवर जातात. निरोगी माणसांत! म्हणजे ज्याला कमरेत आपण 'चकती फाटली' म्हणू, ते मानेत वाढीचाच भाग आहे. आणि 1999 मध्ये सूझन मर्सर आणि निकोलाय बोगडुक यांनी मोठ्या माणसांच्या मानेच्या चकत्या थर-थर सोडवून पाहिल्या. त्यांना काय दिसलं? कमरेसारखं सभोवार वलय तिथे नव्हतंच. पुढच्या बाजूला चंद्रकोरीसारखा जाड पट्टा, बाजूंकडे निमुळता होत गेलेला. मागे उभ्या तंतूंचा एक पातळ पापुद्रा. मागच्या कोपऱ्यांत तर वलय जवळजवळ नाहीच, तिथे पाठीमागचा लांब अस्थिबंधच काय तो राखणीला. आणि मधला गाभा पाणीदार न राहता तंतुमय कूर्चेचा झालेला.

या रचनेचा अर्थ मानेच्या कामात आहे. खालचा मणका बाजूंनी उचललेला, वरचा मणका पुढून-मागून त्याच्यात बसणारा. घोड्यावर खोगीर आणि खोगिरावर स्वार, तसा हा सांधा. मागचे छोटे सांधे सुमारे 45 अंशांनी कललेले. त्यामुळे मानेचा मणका नुसता वळू शकत नाही, वळताना थोडा झुकतोच. पुढचा चंद्रकोरी पट्टा खुंट्यासारखा धरून ठेवतो आणि मागचा भाग त्याच्याभोवती डावी-उजवीकडे सरकतो. मागे कमरेसारखं घट्ट वलय असतं तर हे सरकणं जमलंच नसतं. फट इथे दोष नाही, ती दाराची बिजागरी आहे. टायर म्हणून पाहिलं तर पंक्चर, बिजागरी म्हणून पाहिलं तर सोय. वस्तू तीच, पण रूपक बदललं आणि रोगाची सोय झाली!

अपघाताच्या अभ्यासातही हेच झालं. मागून गाडी धडकली की मान मागे फेकली जाते, मग पुढे, एवढंच चित्र बराच काळ होतं. भारतीय वंशाचे अभियंता मनोहर पंजाबी यांनी अमेरिकेत येल विद्यापीठात मानेच्या यंत्रशास्त्राचा पाया घालणारं काम केलं. 1997 मध्ये त्यांच्या गटाने मृत व्यक्तींच्या मानेवर प्रयोग करून दाखवलं, की आघातानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मान इंग्रजी 'एस'सारखी होते. खालचे मणके मागे वाकतात, त्याच क्षणी वरचे पुढे. संपूर्ण मान फार मागे गेलेली नसतानाही खालच्या एखाद्या सांध्याने आपली मर्यादा ओलांडलेली असते. मान हा एक खांब नाही, ती सहा-सात वेगळ्या मतांची पंचायत आहे, हे यातून दिसलं.

आणि चौथं रूपक. आमचं, तुमचं, घरोघरचं. चित्र म्हणजेच दुखणं.

एमआरआय आला आणि चकती पहिल्यांदा जिवंत माणसात स्वच्छ दिसू लागली. दिसलं की वाटतं, कळलं. 1990 मध्ये बोडेन आणि सहकाऱ्यांनी मानेची कसलीही तक्रार नसलेल्या 63 माणसांचे एमआरआय काढले. 19 टक्क्यांत मोठा दोष दिसला. चाळिशीच्या पुढच्यांत 28 टक्के. नुसती झीज किंवा उंची कमी होणं मोजलं तर चाळिशीपुढे जवळजवळ 60 टक्के. 2015 मध्ये जपानमधून 1211 निरोगी माणसांचा अभ्यास आला. 87.6 टक्के लोकांच्या मानेच्या चकतीला फुगवटा होता, आणि विशीतल्या बहुसंख्यांनाही होता. दुखत कुणाचंच नव्हतं. हे वाचलं तेव्हा आमचा तो अहवाल आम्ही पुन्हा कपाटातून काढला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण सत्तरीच्या माणसाच्या मानेत ते नसतं तरच बातमी होती. डोक्यावरच्या पांढऱ्या केसांचा अहवाल कुणी छापून हातात दिला असता तर आम्ही चार महिने टोपी घालून बसलो असतो काय?

मोबाइलमुळे मानेवर 27 किलोचा भार येतो, ही बातमीही तुम्ही वाचली असेल. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदाने संगणकावर केलेल्या हिशेबाचा तो आकडा. मान 60 अंश झुकली तर 60 पौंड. बोरेलीचीच तरफ, त्यामुळे भार वाढतो हे खरंच आहे. पण तो हिशेब होता, कुणाच्या मानेत मोजलेला दाब नव्हता. आणि भार वाढणं म्हणजे इजा होणं, ही पायरी त्या हिशेबात नव्हतीच. ती वाचणाऱ्याने घातली. जिना चढतानाही गुडघ्यावरचा भार काही पटींनी वाढतो, म्हणून जिन्याला कुणी रोग म्हणत नाही.

मग भार कधीच महत्त्वाचा नाही का? आहे ना! आता बोरेलीच्या हमालाकडे येऊ. 1968 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, मराठीत सांगायचं तर 'हमालाची मान' अशा मथळ्याचा लेख आला, आफ्रिकेत डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेबद्दल. पुढच्याच वर्षी, 1969 मध्ये, आपल्या महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. माथाडी हा शब्दच बघा. माथ्यावर वाहतो तो. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणा, ही हमालांच्या संघटनांची जुनी मागणी. तिच्यामागे कुठला एमआरआय नव्हता. मानेवर ओझं घेणाऱ्याला जे कळत होतं ते होतं. मोबाइलच्या मानेवर जेवढं छापलं जातं, त्याच्या दहावा हिस्साही पोत्याखालच्या मानेवर छापून आलेला आमच्या पाहण्यात नाही. 1680 च्या सुमारास एका गणित्याला हमाल दिसला होता. आपल्याला तो दिसेनासा झाला, याची खंत वाटते.

शेवटी एक सावधगिरी, नाहीतर आमच्या बोलण्याचाही चुकीचा अर्थ निघेल. अहवालाला घाबरू नका म्हणजे लक्षणांकडे डोळेझाक करा, असं नव्हे. हाताची पकड ढिली होणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टूकी आणि ब्रेन यांच्या रुग्णांचं हेच दुखणं होतं आणि आज त्यावर उपाय आहेत. इजिप्तच्या त्या वैद्याला जे लिहावं लागलं ते आज लिहावं लागत नाही, हा या सगळ्या चुकतमाकत झालेल्या प्रवासाचाच लाभ आहे.

खांब, गाठ, लहान कंबर, चित्र. चारही रूपकांनी काही ना काही दाखवलं आणि चारही वेळा कुणीतरी मूळ वस्तू पुन्हा हातात घेऊन पाहिली तेव्हाच पुढचं पाऊल पडलं. मिक्स्टर आणि बार यांनी जुन्या गाठी परत पाहिल्या, मर्सरबाईंनी चकती परत सोडवली. नवं यंत्र लागलं नाही, परत बघायची तयारी लागली. आम्ही आता टेबलाशी बसून वाचतो. मागून हाक आली तर मानच वळवतो. करकर आवाज येतो थोडा, येऊ दे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा, फक्त आपापले एमआरआय मात्र पिशवीतच असू द्या.